दहाव्या दिवसाची साक्ष

नवव्या दिवशी संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आणि तिथलेच वानखडे पंच आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या बायकोच्या, लुदियाच्या, उशाशी दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वानखड्यांनी ताटावरची थाळी उचलून पाहिली आणि पुन्हा होती तशी ठेवली.

"काहीच नाही?"

"सकाळी दोन घोट पेज घेतली," मी म्हणालो.

"सातवा महिना लागला ना?"

"हो."

"सिस्टर काय म्हणते?"

"अजून आठवडाभर असंच चाललं तर पोटातलं राहणार नाही म्हणते. हिचंही सांगता येत नाही म्हणते."

हे मी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. नऊ दिवस माझा आवाज असाच होता. आमची शारोन चार वर्षांची होती. गोवर आला, छातीत उतरला आणि ती गेली. दफनाच्या वेळी मी मूठभर माती टाकली; माती ओली होती, हाताला चिकटली, आणि माझ्या मनात एवढंच आलं की नळ कुठे असेल. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, मास्तर विश्वासात पक्का आहे. मी त्यांना म्हणू दिलं.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्धेच्या पलीकडे सावरखेड नावाचं गाव, तिथलं मिशनचं कंपाउंड, त्यात शाळा, देऊळ म्हणजे आमचं चर्च, आणि आमची दहा-बारा घरं. सोमवार ते शुक्रवार मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि रविवारी देवळात मुलांचा वर्ग घ्यायचो. शाळेत पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, देवळात देवानं सहा दिवसांत केलेली. उंबरठ्यावर जोडे बदलावेत तशी मी सृष्टी बदलायचो आणि त्यात मला काही खुपत नव्हतं. वानखडे पंच भेटले की चिडवायचे, "काय मास्तर, आज माकड का आदाम?" मी हसायचो. हसण्यावर भागत होतं.

"तर उद्या दहावा," वानखडे म्हणाले. "पाच वाजता सगळे येतील. साक्ष छोटीच द्या. देवाची करणी मान्य आहे म्हणा न् बसा."

आमच्यात दहावा नसतो. पण आमच्या पणज्यांनी धर्म बदलला तरी बोटांवर दिवस मोजायची सवय बदलली नाही, म्हणून दहाव्या दिवशी प्रार्थनासभा असते. नाव प्रार्थनेचं, दिवस जुनाच. आलेला प्रत्येकजण शास्त्रातलं एकेक वचन म्हणतो आणि शेवटी घरधनी उठून साक्ष देतो. जे झालं ते देवाकडून आलं आणि मी ते स्वीकारलं, असं चारचौघांत सांगणं म्हणजे साक्ष. ती दिली की दुःखाला कुलूप लागलं असं धरतात.

पाळकसाहेब जाताना लुदियाच्या खाटेपाशी थांबले. तायडे पाळक म्हणजे सत्तरीला टेकलेला, सावकाश बोलणारा माणूस. आमचं लग्न त्यांनीच लावलं होतं, शारोनला बाप्तिस्मा त्यांनीच दिला होता.

"पोरी, दोन घास खा," ते म्हणाले.

ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होतो तेव्हा ती आतून बोलली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिचं एक अख्खं वाक्य ऐकलं.

"तुम्ही शाळेत शिकवता ते खरं, का रविवारी शिकवता ते?"

माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं. "दोन्ही आपापल्या जागी खरं."

"जागा नका सांगू. एकच सांगा. माणसानं पाप करायच्या आधी मरण होतं का?"

मी चहाचं पातेलं खाली उतरवलं. "हे काय काढलंस?"

"पाळकसाहेब कबरीवर म्हणाले ना. देवानं सगळं चांगलं केलं होतं, मरण नव्हतं. पहिल्या माणसानं पाप केलं न् त्या वाटेनं मरण आत आलं. तेव्हापासून जिथं पाप तिथं मरण."

"म्हणाले."

"मग ऐका," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "तुम्ही जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. गावातली चंद्रकलाबाई बघून गेली. म्हणे, माता आली हिला, फोडणी देऊ नको, दाराला लिंबाचा पाला बांध. मी बांधला. मग म्हणे, मातामायला दहीभात दाखव, उतरून जाईल. मी पोरीला खांद्यावर घेऊन ओढ्यापाशी मातामायच्या ठाण्यावर गेले. दहीभात ठेवला. पाया पडले. तिलाही पडायला लावलं."

मी चहा गाळायला घेतला.

"तिनं हात जोडले. एवढी तापात होती तरी नीट जोडले. मी शिकवलं नव्हतं, कुठं पाहिलं होतं कोण जाणे." जरा थांबून ती म्हणाली, "दुसऱ्या देवापुढं वाकू नका, ही आपल्यात पहिली आज्ञा. मी मोडली न् लेकराकडून मोडवली. आता हे पोटातलं तरी तो कशाला ठेवील?"

मला तिनं सांगितलेलं नवीन नव्हतं. प्रदर्शनाहून आलो त्या दिवशी चुलीवरच्या वरणाला फोडणी नव्हती आणि दाराच्या कडीला सुतळीचा तुकडा लोंबत होता. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी ओळखलं होतं आणि गप्प बसलो होतो.

"चहा घे," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. मी चहा तिथेच ठेवला आणि शाळेकडे गेलो.

माझी रजा होती, तरी शिपायाने प्रयोगशाळा उघडून दिली. प्रदर्शनाची पेटी कोपऱ्यात बांधलेलीच पडली होती. मी दोरी सोडली. वर दुसऱ्या क्रमांकाची ढाल होती, ती बाजूला ठेवली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड होते. त्यातला तळहाताएवढा पांढुरका दगड घेऊन मी पाळकसाहेबांच्या अंगणात गेलो. ते बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"हा ओळखता?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "शाळेच्या विहिरीतला. विहीर खणली तेव्हा मी काठावर उभा होतो. वीस हात काळा दगड लागला, मग हा पांढुरका पट्टा, मग खाली पुन्हा काळा."

"यात काय आहे तेही ठाऊक आहे?"

"शंख आहेत." त्यांनी दगडावरून अंगठा फिरवला. तांदळाएवढे, हरभऱ्याएवढे शंख त्यात गच्च भरले होते. "गोगलगायी ना?"

"काळा दगड म्हणजे जमिनीतून आलेला लाव्हा. तो निवला, त्यावर तळं झालं, तळ्यात या गोगलगायी झाल्या. मग पुन्हा लाव्हा आला, सगळं वर झाकून गेला. साडेसहा कोटी वर्षं झाली. माणूस कुठे नव्हता."

हे मी प्रदर्शनात दोनशे लोकांना सांगितलं होतं. तोच आवाज, तीच वाक्यं.

पाळकसाहेब पुन्हा शेंगा सोलायला लागले. "सेमिनरीत पाळकाचं शिकत असताना मी आपल्यापुरतं जुळवून घेतलं होतं, मास्तर. सहा दिवस म्हणजे सहा युगं. सूर्यच जर चौथ्या दिवशी केला, तर आधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळानं मोजले? देवाचा दिवस ताणता येतो. कोटी वर्षं म्हणा, अब्ज म्हणा, माझी श्रद्धा त्यानं हलत नाही. पण हा दगड पाहिला न् दोन रात्री झोप नाही."

"का?"

"हे जीव मेलेले आहेत. पाप करायला कोणी नव्हतं तेव्हा मेलेले आहेत. दिवस ताणता येतो, मरण ताणता येत नाही. तो दगड मी विहिरीच्या ढिगात परत टाकला न् तो विषय काढायचा सोडला."

"कबरीवर काढलात."

त्यांचे हात थांबले. "पस्तीस वर्षं प्रत्येक कबरीवर तेच बोललो. तोंडाला सवय झाली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लुदियानं मनाला लावून घेतलं?"

मी मातामायचं सांगितलं. तुरीचे दाणे त्यांनी एका बाजूला सारले, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले.

"तिला घरात समजावा," ते म्हणाले. "सभेत नको."

"घरात सांगितलं तर तिला वाटेल नवरा समजूत घालतो. ती जे ऐकून पडली ते सगळ्यांपुढं ऐकलं होतं."

"रविवारचा वर्ग जाईल तुमचा."

"जाऊ द्या."

"मला विचारतील, पाळकसाहेब, हे खरं का. मी काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हणालो. वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोललो नव्हतो, आणि बोलल्याचं त्या दिवशी वाईटही वाटलं नाही. काही वाटायचंच बंद झालं होतं.

पाच वाजता माणसं जमली. पंचवीस-तीस जण, सतरंजीवर दाटीवाटीने. लुदिया आतल्या खोलीत खाटेवर होती. मध्ये फक्त एक पडदा. भजन झालं. मग एकेकाने वचन म्हटलं. म्हाताऱ्या बायका आधी पाठ असलेलं म्हणतात, पोरं छोट्यात छोटं शोधतात, नेहमीसारखंच झालं. वानखडे पंचांनी खणखणीत आवाजात मोठं वचन म्हटलं आणि माझ्याकडे मान केली.

मी उठलो. दगड सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"मी साक्ष देतो," मी म्हणालो. "हा आपल्या शाळेच्या विहिरीतला दगड आहे. यात गोगलगायी आहेत. त्या जगल्या, त्यांना पिल्लं झाली, त्या मेल्या. तेव्हा पृथ्वीवर एकही माणूस नव्हता. आज्ञा नव्हती, म्हणून ती मोडणारं कोणी नव्हतं. तरी मरण होतं. देवानं सृष्टी केली हे मी मानतो. कालही मानत होतो, आजही मानतो. पण त्यानं केली तेव्हाच तिच्यात मरण होतं. ते शिक्षा म्हणून मागून आलेलं नाही. माझी मुलगी गोवरानं गेली. कोणाच्या पापानं गेली नाही. एवढंच."

आणि बसलो. सगळे दगडाकडे बघत होते, म्हाताऱ्या बायका जरा मागे सरकल्या.

"मास्तर, हे काय बोलून राहिले तुम्ही?" वानखडे सावकाश म्हणाले. रागाने नव्हे, त्यांना खरोखर कळत नव्हतं. "मरण पापानं नाही आलं, तर प्रभू आपल्या पापांसाठी क्रुसावर मेला तो कशासाठी? आपण रविवारी जमतो कशासाठी? एक वीट काढली तर भिंत राहते का?"

"मला ते सगळं सांगता येत नाही," मी म्हणालो. "मला हा दगड तेवढा ठाऊक आहे."

"शाळेचं शाळेत ठेवा ना. आज तरी." मग ते वळले. "पाळकसाहेब, तुम्हीच सांगा. हे खरं का खोटं?"

तायडे पाळकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत घातला. मला वाटलं ते प्रार्थनेला सुरुवात करतील आणि सभा मिटवतील.

"दगड खरा आहे," ते म्हणाले. "विहिरीतून निघाला तेव्हा मी तिथं होतो. पोरीच्या कबरीवर मी जे बोललो ते पाठ केलेलं बोललो. या घराला लागू नव्हतं. ते मी मागं घेतो."

पडद्यामागे खाट करकरली.

पाळकसाहेबांनी दोन वाक्यांची प्रार्थना केली. लोक उठले, चहा न घेता गेले. पुढच्याच आठवड्यात पंचांनी बैठक घेऊन रविवारचा वर्ग माझ्याकडून काढला आणि पाळकसाहेबांना वर्षाअखेर निवृत्ती घ्यायला सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. वानखडे स्वतः येऊन सांगून गेले आणि जाताना लुदियाची चौकशी करून गेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही राग नाही. भिंतीचं त्यांनी म्हटलेलं खरंच होतं. मी ती वीट काढून बाहेर ठेवली, आणि भिंत कशी उभी राहते ते नंतरची कैक वर्षं चाचपत बसलो.

सगळे गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत होतो. लुदिया भिंत धरत धरत बाहेर आली आणि खाली बसली. तिनं दगड जवळ ओढला, उजेडाकडे धरून बघितला.

"बारीक आहेत," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मातामायपुढं हात जोडले म्हणून ती गेली नाही."

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"देवाला राग आला, न् त्यानं पोरीवर काढला, असं नाही."

"नाही. गोवर आला, तो छातीत उतरला. तेवढंच."

तिनं मान हलवली. मी ताट घेऊन आलो: भाकरी, वरण, वाटीभर दूध. तिच्यासमोर ठेवलं. मनात म्हणालो, झालं. नऊ दिवसांत पहिल्यांदा आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं.

तिनं ताटाला हात लावला नाही.

"आणि चिठ्ठी?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"शनिवारी सकाळी मी एस.टी.च्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली होती. पोरीला ताप फार आहे, पुरळ आहे, मला एकटीला दवाखान्यात नेववत नाही, लगेच निघा, म्हणून. संध्याकाळच्या गाडीनं तो परत आला तेव्हा मी फाट्यावर उभी होते. म्हणाला, बाई, मास्तरांच्या हातात दिली, त्यांनी वाचलीसुद्धा. मी म्हटलं, मग ते कुठं आहेत? तो म्हणाला, उद्या बक्षीस समारंभ आहे ना."

चिठ्ठी मला दुपारी दीड वाजता मिळाली होती. चारची गाडी होती. परीक्षक माझ्या टेबलापाशी दोनदा थांबून गेले होते, आणि मी स्वतःला सांगितलं, गोवर आहे, सगळ्या पोरांना येतो, एका दिवसानं काय होतं. मी रविवारी संध्याकाळी घरी आलो. त्याच पावली तिला तालुक्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवी होती. लुदिया तेव्हा बाहेरच्या बाकावर होती. हे वाक्य फक्त मी ऐकलं होतं.

नऊ दिवस ती स्वतःला दोष देत उपाशी पडली होती आणि मी तिला तसं पडू दिलं होतं. फोडणी नसलेलं वरण पाहिलं त्याच दिवशी मी तिला म्हणू शकलो असतो, लिंब बांधलास त्यानं काही बिघडलं नाही. म्हणालो नाही. दोष तिच्याकडे होता तोवर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हे मी कधी शब्दांत मनात आणलं नाही, पण म्हणून मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"नऊ दिवस मी वाट बघितली," लुदिया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ओलाही नव्हता. "म्हटलं, हा माणूस आपणहून सांगेल. आज सभेत उठलात तेव्हा वाटलं, आता सांगाल. तुम्ही गोगलगायी सांगितल्या." तिनं दगड माझ्यापुढे सरकवला. "कोणाच्या पापानं गेली नाही म्हणालात. त्यात तुम्हीही सुटलात का?"

साडेसहा कोटी वर्षं माझ्या काही कामाची नव्हती. मी सतरंजीचं टोक धरून बसलो होतो.

"नाही," मी शेवटी म्हणालो. "मी सुटलो नाही. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणायला हवी होती. मी चिठ्ठी वाचून थांबलो. ढालीसाठी थांबलो. ते पाप आहे, लुदिया. ते माझं आहे. तुझं त्यात काही नाही."

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मी मान खाली घातली नाही, एवढं एकच त्या दिवशी धड केलं.

मग तिनं ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. घास घोटताना तिचा चेहरा दुखल्यासारखा होत होता, पण ती खात राहिली. अर्धी भाकरी संपली, मग पूर्ण संपली. मी उठून आणखी एक आणून वाढली, तीही तिनं खाल्ली.

दूध प्यायल्यावर तिनं वाटी उपडी घातली. "वानखडेबाईंना बोलावून आणा," ती म्हणाली. "आजपासून बाळंत होईपर्यंत त्या माझ्यापाशी झोपतील. तुम्ही शाळेत झोपत जा."

मी चपला घातल्या आणि वानखड्यांच्या घराकडे निघालो. कंपाउंडच्या मध्यावर आलो असेन, तेव्हा मला रडू फुटलं.